दुधाच्या दाढेची राखण



आम्ही दंतवैद्य नव्हे, तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण अल नहदातील आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार कानी येते: "दुधाचेच दात ते, पडणारच आहेत." खेदाने सांगतो, एके काळी आम्हीही हेच म्हणत असू.

वस्तुतः दुधाची दाढ ही कायमच्या दाताची जागा वयाच्या १०-१२ वर्षांपर्यंत राखते. झोपताना तोंडात दिलेल्या गोड दुधाच्या बाटलीने ती किडली व अकाली काढावी लागली, की मागची दाढ पुढे सरकते. मग नवा दात वाट मिळेल तसा वाकडा उगवतो. अशा वेळी दंततज्ज्ञाकडून जागा राखणारी तारेची कडी बसवून घ्यावी. पुढचा मोठा खर्च त्याने पुष्कळदा टळतो.

आता तारेविषयी. वार्षिक रजेत नागपूरला किंवा मुंबईला दातांना तार बसवून मुलाला इकडे आणावे, हा बेत स्वस्त भासतो खरा. परंतु ती तार साधारण दर ४ ते ८ आठवड्यांनी तपासून घ्यावी लागते आणि उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो. तेव्हा मूल जेथे राहते, तेथेच उपचार आरंभावा.