तोंडाची दुर्गंधी : तिचें मूळ आणि तिचा उपचार

शरीराच्या बहुतेक व्याधि प्रथम रोग्याला कळतात आणि मग इतरांना. पोट दुखूं लागलें कीं ज्याचें दुखतें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. ताप आला कीं अंग स्वतःच तक्रार करतें. तोंडाच्या दुर्गंधीचें मात्र याच्या अगदीं उलट आहे. ती घरच्यांना कळते, शेजाऱ्याला कळते, कचेरींतील सहकाऱ्यांना कळते. आणि ज्याच्या तोंडाला ती येते त्याला पुष्कळदां वर्षानुवर्षें तिचा पत्ता नसतो. नाकाचा धर्मच असा आहे कीं, जो वास अष्टौप्रहर सोबत असतो त्याची दखल घेणें तें सोडून देतें. अत्तराच्या दुकानांत दिवसभर बसणाऱ्या मनुष्याला अत्तराचा वास जाणवत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

मग सांगावें कोणी? येथें शिष्टाचार आड येतो. सुनेनें सासूला, हाताखालच्या माणसानें वरिष्ठाला, किंबहुना मित्रानें मित्राला ही गोष्ट सांगणें अवघड वाटतें. लोक दोन पावलें मागें सरतात, मान वळवितात, बोलणें आटोपतें घेतात. त्या गृहस्थाला एवढेंच दिसतें कीं, माणसें आपल्याला टाळतात. कां टाळतात तें उमगत नाहीं. शरीराला फारसा न दुखविणारा हा विकार मनुष्याला असा हळूहळू चारचौघांतून बाजूला सारतो. आणि अधिक दुःखाची बाब ही कीं, बहुतेकांच्या बाबतींत त्याचा उपाय साधा, स्वस्त व घरच्या घरीं करतां येण्याजोगा असतो.

सकाळीं उठल्यावर तोंडाला जो वास येतो त्याला रोग म्हणतां येत नाहीं. झोपेंत लाळ जवळजवळ थांबते, तोंड कोरडें पडतें आणि रात्रभर जंतूंना मोकळें रान मिळतें. दांत घांसून न्याहारी झाली कीं तो वास बहुधा जातो. दांत घांसल्यानंतरहि थोड्या वेळांत परत येणारी, दिवसभर टिकणारी आणि आठवडेच्या आठवडे न हटणारी दुर्गंधी हाच येथें विचाराचा विषय आहे.

आपल्याकडे असा समज दृढ आहे कीं, ही दुर्गंधी पोटांतून वर येते. त्यामुळें कोणी जुलाब घेतो, कोणी पाचक चूर्णांच्या पुड्या रिचवितो आणि वास जेथल्या तेथें राहतो. अन्ननलिका ही कांहीं सदा उघडी असलेली नळी नव्हे. एरव्हीं ती मिटलेली असते आणि तिच्या खालच्या टोकाशीं स्नायूंचें वलय दरवाजासारखें काम करतें. ढेकरेबरोबर क्षणभर वास वर येईल. परंतु श्वासाश्वासागणिक येणारा वास सहसा पोटाचा नसतो. दर दहा रोग्यांपैकीं आठ-नऊ जणांच्या दुर्गंधीचें मूळ तोंडांतच सांपडतें, असा दंतवैद्यांचा अनुभव आहे.

तोंडांत हा वास उत्पन्न होतो तरी कसा? आपल्या मुखांत असंख्य सूक्ष्म जंतु कायमचे वस्तीला असतात. त्यांतील कांहीं जातींना प्राणवायु सोसत नाहीं; म्हणून ते हवा पोंचणार नाहीं अशा सांदीकोपऱ्यांत दडून बसतात. अन्नाचे कण, लाळेंतील द्रव्यें आणि तोंडाच्या आंतील त्वचेच्या गळून पडलेल्या पेशी हें त्यांचें खाद्य. यांतील प्रथिनांमध्यें गंधक असतो. जंतु तीं प्रथिनें फोडूं लागले कीं गंधकयुक्त वायु सुटतात. त्यांपैकीं हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो आणि मिथाइल मरकॅप्टनला कुजलेल्या कोबीचा. कॅनडांतील व्हँकुव्हर येथील संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनीं १९६० व १९७० च्या दशकांत या वायूंचें मोजमाप करून मुखदुर्गंधीचा उलगडा केला. म्हणजे हा वास सडण्याचा आहे. आणि जेथें सडणारा मळ सांचतो तेथेंच त्याचें मूळ शोधलें पाहिजे.

असें सर्वांत मोठें ठिकाण म्हणजे जिभेचा मागील भाग. जीभ वरवर गुळगुळीत दिसली तरी तिचा पृष्ठभाग गालिच्यासारखा लवदार असतो. घशाकडील भागाला टाळूचा घर्षणस्पर्श कमी होतो आणि लाळेची धारहि तेथें नीट पोंचत नाहीं. तेथें पांढरट-पिवळट थर सांचतो. दोन्ही वेळां कसोशीनें दांत घांसणारा मनुष्यहि जिभेला विसरतो आणि मग इतकी स्वच्छता राखून वास कां येतो म्हणून नवल करीत बसतो.

हें ज्ञान आपल्या देशाला नवें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत जीभ खरवडण्याचीं साधनें सांगितलीं आहेत. तीं सोनें, रुपें, तांबें, कथील किंवा पितळ यांचीं असावींत, धारदार नसावींत व वांकडीं असावींत, असें त्यांत म्हटलें आहे. त्याचें कारणहि तेथेंच दिलें आहे : जिभेच्या मुळाशीं सांचलेला मळ दुर्गंधी उत्पन्न करतो. जुन्या घरांतून न्हाणीच्या कोनाड्यांत असणारी तांब्याची वांकविलेली पट्टी ती हीच. नव्या काळांत रंगीत नळींतील फेसाळ पेस्ट आली आणि ती पट्टी मागें पडली. वास्तविक दोहोंनाहि जागा होती.

दुसरें ठिकाण हिरड्यांचें. दांत व हिरडी यांच्यामध्यें एक लहानशी खोबण असते. निरोगी मनुष्यांत तिची खोली एक ते तीन मिलिमीटर असते. दांतांवरचा मऊ थर वेळच्या वेळीं निघाला नाहीं तर तो लाळेंतील क्षारांनीं कठीण होऊन त्याचें कीटण बनतें. कीटणाच्या आश्रयानें जंतु हिरडीखालीं शिरतात, खोबण खोल होत जाते, हिरडी सुजते व दांत घांसतांना रक्त येतें. याच रोगाला लोक पायोरिया म्हणत आले आहेत. हा रोग फारसा दुखत नाहीं, म्हणून तो अधिक घातक. दांतांखालचें हाड झिजून दांत हलूं लागेपर्यंत मनुष्य स्वस्थ राहतो. अशा वेळीं दुर्गंधी हीच त्याची आगाऊ सूचना असते. मधुमेह्यांनीं तर हिरड्यांकडे विशेष लक्ष पुरविलें पाहिजे. कारण मधुमेहानें हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगानें रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें कठीण जातें.

किडलेल्या दांतांतील पोकळी, नीट न बसलेली टोपी आणि रात्रींहि तोंडांतच ठेवलेली कवळी याहि त्याच मालिकेंतल्या. कवळी रात्रीं काढून, घांसून, स्वच्छ पाण्यांत ठेवणें हा नियम आहे.

लाळ ही तोंडाची मोरी धुणारी नैसर्गिक पाण्याची धार होय. निरोगी माणसाच्या तोंडांत दिवसाला सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती कमी झाली कीं वास वाढतो. तोंडानें श्वास घेण्याची संवय, पाणी कमी पिणें, फार वेळ बोलणें यांनीं तोंड सुकतें; तसेंच रक्तदाब, सर्दी किंवा मनोविकार यांवरील कांहीं औषधांनींहि सुकतें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये; डॉक्टरांना विचारावें. निर्जळी उपवासाच्या दिवशीं येणारा वास कांहीं अंशीं कोरडेपणाचा असतो. आणि उपवास लांबला कीं शरीर चरबी जाळूं लागतें, तिच्यापासून होणाऱ्या द्रव्यांचाहि त्यांत भाग असतो.

तोंडांत कांहीं सांपडलें नाहीं तर नाक व घसा पाहावा लागतो. टॉन्सिलच्या खळग्यांत पांढरे, दुर्गंधियुक्त खडे तयार होतात. नाकाशेजारच्या हाडांतील पोकळ्यांत पू सांचला तरी वास येतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडींतून घाण वासाचा स्राव येऊं लागला तर मणी किंवा वाटाणा नाकांत अडकला आहे काय, हें डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. याहून दूरचीं कारणें विरळ, पण गंभीर असतात. मधुमेह हाताबाहेर गेला कीं श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. त्याबरोबर अतिशय तहान, ओकाऱ्या व धाप असेल तर रोग्याला त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होत असतांनाहि श्वासाचा वास पालटतो.

लसणाची गोष्ट निराळी. त्यांतील एक गंधकयुक्त द्रव्य पचनानंतर रक्तांत मिसळतें व फुप्फुसांवाटे बाहेर पडतें. म्हणून लसूण खाल्ल्यावर कितीहि चुळा भरल्या तरी वास तासन् तास राहतो. जेवणाबरोबर दूध घेतल्यास तो कांहींसा मंदावतो. पण हा विकार नव्हे. दुसऱ्या दिवशीं तो आपोआप जातो.

तंबाखू, विडी आणि मशेरी यांच्याबद्दल मात्र असें म्हणतां येत नाहीं. मशेरीनें दांत स्वच्छ होतात ही समजूत अद्याप अनेक घरांत आहे. भारत सरकारनें १९९२ सालीं तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजन यांचें उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूला कायदा कोठवर पुरणार? तंबाखूनें हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतून रक्त येण्याची सूचना दबून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तर तंबाखूविरहित सुपारीलाहि कर्करोगकारक ठरविलें आहे. वास लपविण्यासाठीं सुपारी चघळणें म्हणजे चोराला हांकलण्यासाठीं दरोडेखोराला घरांत घेणें होय. तोंडांत दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा तांबडा चट्टा असेल तर विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

आतां उपचाराकडे वळूं. पहिली गोष्ट, दिवसांतून दोनदां, त्यांतहि रात्रीं निजण्यापूर्वीं अवश्य, मऊ ब्रशानें व फ्लुओराइडयुक्त पेस्टनें दोन मिनिटें दांत घांसावेत. ब्रश तीन-चार महिन्यांनीं बदलावा. दुसरी, दोन दांतांमधील फट ब्रशानें साफ होत नाहीं. तेथें दंतदोरा किंवा फटींसाठीं मिळणारा बारीक ब्रश दिवसांतून एकदां फिरवावा. टांचणीनें वा काडीनें टोकरूं नये. तिसरी, जीभ घांसण्याची पट्टी शक्य तितकी मागें नेऊन हलक्या हातानें पुढें ओढावी. रक्त येईल इतका जोर लावूं नये. प्रारंभीं उमासा येतो, पण थोड्या दिवसांत संवय होते. चौथी, पाणी पुरेसें प्यावें व प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी.

पांचवी गोष्ट दंतवैद्याची. घट्ट झालेलें कीटण घरच्या कोणत्याहि मंजनानें निघत नाहीं. तें वैद्यानेंच काढावें लागतें. कीटण काढल्यानें दांत हलतात, हा प्रवाद निराधार आहे. हाड आधींच झिजलेलें असतें आणि कीटणाचा थर दांतांना जणुं चिखलानें चिकटवून ठेवीत असतो. तो निघाल्यावर खरी स्थिति उघडी पडते, इतकेंच. खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठीं मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालयें आहेत.

बाजारांत मिळणाऱ्या सुगंधी द्रावणांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत १८७९ सालीं शस्त्रक्रियेसाठीं जंतुनाशक म्हणून निघालेलें लिस्टरीन १९२० च्या दशकांत जाहिरातींच्या बळावर मुखदुर्गंधीचें औषध म्हणून घरोघर पोंचलें. अशा द्रावणांचा कांहीं उपयोग होतो, नाहीं असें नाहीं. जस्ताचे क्षार असलेलें द्रावण गंधकयुक्त वायूंना बांधून ठेवतें. क्लोरहेक्सिडीन जंतूंना मारतें, पण फार दिवस वापरल्यास दांतांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून तें वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. बडीशेप, लवंग, वेलची यांनीं वास घटकाभर झांकतो व लाळ सुटते. परंतु मोरींत उदबत्ती लावून मोरी साफ होत नाहीं. आधीं मळ काढावा. सुगंधाचा विचार मागाहून.

आपल्या तोंडाला वास येतो कीं नाहीं, हें ओळखावें कसें? ओंजळींत फुंकून पाहण्यानें बहुधा कांहींच कळत नाहीं. मनगटाला जिभेचा मागील भाग लावून, दहा-पंधरा सेकंद वाळूं देऊन हुंगल्यास कांहीं अंदाज येतो. दंतदोऱ्याचा वास घेतला तरी येतो. पण सर्वांत भरंवशाची परीक्षा म्हणजे घरांतील विश्वासाचें माणूस. त्याला सरळ विचारावें आणि त्यानेंहि संकोच न ठेवतां खरें सांगावें.

याची दुसरी बाजूहि ध्यानांत घ्यावयास हवी. कांहीं माणसांच्या तोंडाला वास मुळींच येत नसतो. तरी तो येतो या धास्तीनें तीं तोंडावर हात धरून बोलतात, लग्नकार्यांना जात नाहींत, दिवसांतून दहा वेळां दांत घांसतात. समोरच्यानें सहज नाकाला बोट लावलें तरी तें आपल्यामुळेंच, असें त्यांना वाटतें. त्यांचें दुःख खोटें नसतें. त्याचें ठिकाण मात्र तोंड नव्हे, मन असतें. दंतवैद्यानें निर्वाळा दिल्यावरहि भय हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यांत कमीपणा नाहीं.

दोन्ही प्रकारच्या माणसांना एकाच गोष्टीची गरज असते : कोणी तरी आपुलकीनें खरें सांगण्याची. हें सांगणें चारचौघांत नसावें, थट्टेचें नसावें आणि सकाळच्या घाईंत तर नसावेंच. "अलीकडे तुमच्या तोंडाला वास येतो, हिरड्यांचें कांहीं असेल, एकदां दाखवून येऊं," एवढें वाक्य पुरें होतें. त्यांतील 'येऊं' हा शब्द महत्त्वाचा. ऐकणाऱ्याला त्यानें एकटें वाटत नाहीं. पत्नीनें पतीला, मुलानें वडिलांना हें वाक्य वेळेवर सांगितलें तर एखाद्याचे दांत वाचतील, आणि माणसांत मिसळण्याचा त्याचा आनंदहि त्याला परत मिळेल.