घरी जुळविलेला कॉम्प्युटर आणि ओव्हरक्लॉकिंग : भाग कसे निवडावेत?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय विद्यार्थ्यांनीच सुचविलेला आहे. तो ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, आणि ते स्वाभाविकही आहे. पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पैशांतून घरात कॉम्प्युटर आणावयाचा आणि चिरंजीवांनी तो कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवावयाचा, हे ऐकून कोणते आईबाप खूश होतील? परंतु या छंदात केवळ खेळ नाही. वीज, उष्णता आणि मोजमाप यांचे उत्तम शिक्षण त्यात घरच्या घरी मिळते. अट एकच, की भाग विकत घेताना डोके शाबूत ठेवले पाहिजे. त्या निवडीबद्दलच मी आज बोलणार आहे.

प्रथम ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांवर काम करतो. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कारखान्यात तयार झालेल्या सगळ्या चिप्स सारख्या नसतात. काही अधिक वेग सोसतात, काही कमी. कंपनी चाचणी घेऊन चिपला जो वेग नेमून देते, त्यात थोडी शिल्लक राखलेली असते. ही शिल्लक वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

आता येथेच एक गैरसमज होतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, प्रोसेसर वरच्या दर्जाचा घेऊ, बाकीचे काहीही चालेल." या 'काहीही चालेल' मध्येच सगळी गोम आहे. शिल्लक केवळ प्रोसेसरमध्ये असून भागत नाही. त्याला वीज देणाऱ्या, थंड ठेवणाऱ्या आणि माहिती पुरविणाऱ्या प्रत्येक भागात ती असावी लागते.

याचा पुरावा म्हणून १९९८ सालचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. त्या वर्षी इंटेलने सेलेरॉन ३००-ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता : ६६ मेगाहर्ट्झचा बस आणि साडेचारचा गुणक. हौशी लोकांनी बस ६६ वरून १०० वर नेला आणि हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागला. दीडपट वेग, तोही जवळजवळ फुकटात! नाव झाले प्रोसेसरचे. परंतु हे साधले ते ४४०-बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डांमुळे आणि चांगल्या रॅममुळे, कारण ते मुळातच १०० मेगाहर्ट्झसाठी बनविलेले होते. ज्यांचा मदरबोर्ड ६६ च्या पुढे जाऊ शकत नव्हता, त्यांना तोच प्रोसेसर असूनही हा लाभ मिळाला नाही.

तशी लूट आता राहिलेली नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्टची सोय आली आणि पुढे एएमडीनेही तेच केले. उष्णता व वीज यांना वाव असेल तेवढा वेग प्रोसेसर आता स्वतःच वाढवतो. म्हणजे शिल्लक बरीचशी कंपनीनेच वापरलेली असते. हाताने वेग वाढवून मिळणारा फायदा त्यामुळे बहुधा थोडकाच असतो. तेवढ्यासाठी घरच्या पैशांचा आणि माहितीचा किती धोका पत्करावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

धोका कोठून येतो ते एका साध्या हिशेबाने कळेल. चिपमध्ये खर्च होणारी वीज ही ढोबळमानाने वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग १० टक्के वाढविला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढविले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. वेग दहा टक्के वाढला, पण वीज आणि उष्णता तेहतीस टक्के वाढली! १२० वॅटचा प्रोसेसर १६० वॅटचा झाला. हे वाढीव ओझे कोण वाहणार? ज्यांची नावे डब्यावर मोठ्या अक्षरांत छापली जात नाहीत, ते भाग.

त्यांचा आता क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'के' हे अक्षर असते, त्यांचाच गुणक मोकळा असतो. आणि तो वाढविण्यासाठी मदरबोर्डही 'झेड' मालिकेचा लागतो. उदाहरणार्थ, झेड-७९० वर ते चालते, बी-७६० वर चालत नाही. 'के' चा प्रोसेसर घेऊन 'बी' चा मदरबोर्ड घेणे म्हणजे जादा पैसे देऊन कुलूपबंद पेटी घरी आणणे होय. 'केएफ' असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. निराळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या रायझेन मालिकेत बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर मोकळे असतात. परंतु तेथेही बी-६५० चा मदरबोर्ड प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करू देतो, ए-६२० चा करू देत नाही. शिवाय रायझेन ७ ५८००एक्स३डी सारखे काही अपवाद आहेत, ज्यांचा गुणक बंद आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी दोन्ही नावे पूर्ण वाचावीत.

दुसरी गोष्ट, मदरबोर्डवरील व्होल्टेज नियंत्रक, ज्याला व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून आलेल्या १२ व्होल्टचे तो प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे १.२ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. आता पाहा : १२० वॅट भागिले १.२ व्होल्ट म्हणजे १०० अँपिअर! आपल्या घरात गीझरसाठी जो मोठा सॉकेट असतो, तो १६ अँपिअरचा. अंगठ्याएवढ्या जागेतल्या या भागांतून त्याच्या सहापट प्रवाह वाहतो. म्हणून ज्या मदरबोर्डच्या या भागावर धातूचे भरीव हीटसिंक नाहीत, तो ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नये. रंगीत दिवे लावलेला मदरबोर्ड आणि मजबूत मदरबोर्ड एकच असतो असे नाही.

तिसरी गोष्ट, थंडावा. कोणताही साधा कूलर, हवेचा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी तज्ज्ञ २०-२२ अंशांच्या खोलीत चाचणी घेतात; आपल्याकडे मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातली खोली ३८ अंशांवर असते. समजा, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ५५ अंश वर रोखून धरतो. २२ अंशांच्या खोलीत तो ७७ वर राहील, ३८ अंशांच्या खोलीत ९३ वर. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे खटाटोप करून वाढविलेला वेग दुपारी दोन वाजता आपोआप उतरणार! तेव्हा कूलर उन्हाळ्याच्या हिशेबाने घ्यावा, आणि कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे. पुढे काच लावलेले कॅबिनेट शोभिवंत दिसते खरे, पण त्यात हवेला वाट कमी मिळते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पॉवर सप्लाय, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. बजेट कमी पडले की पहिली कुऱ्हाड यावरच पडते. दुकानदार कॅबिनेटबरोबर "४५० वॅटचा एसएमपीएस फ्री" असे सांगतो. अशा वेळी त्याच्या अंगावरचे लेबल वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची बहुतेक वीज १२ व्होल्टच्या रांगेतून येते. लेबलवर त्या रांगेसमोर १८ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. डब्यावरचे ४५० कोठे आणि हे २१६ कोठे? हा गुणाकार पाचवीतला मुलगाही दुकानात उभा राहून करू शकतो. '८० प्लस' हे चिन्ह चांगले, पण ते वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. जादा प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण आहे की नाही, ते निराळे पाहावे लागते. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. आणि यूपीएस ६०० व्हीएचा असला तरी साधारण ३६० वॅटच देतो, हे विसरू नये.

पाचवी गोष्ट, रॅम. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्यांचा संच घ्यावा. माहितीला दोन वाटा मिळतात. पट्टीवर छापलेला जास्तीचा वेग एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय बायोसमध्ये चालू केल्याशिवाय मिळत नाही, आणि ती चालू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. रॅमची चूक फार कपटी असते. प्रोसेसर अडखळला तर बहुधा कॉम्प्युटर बंद पडतो आणि आपल्याला कळते. रॅम अडखळली तर फायलीतला एखादा अंक गुपचूप बदलू शकतो आणि कोणालाच कळत नाही. आपल्या घरांत कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. त्यावर बहिणीचा प्रवेश अर्ज असतो, वडिलांच्या दुकानाचा हिशेब असतो, लग्नाचे फोटो असतात. भावाच्या हौसेची किंमत या गोष्टींनी का मोजावी?

व्होल्टेजबद्दल दोन अलीकडच्या घटना सांगतो. २०२३ मध्ये रायझेन ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डसह जळाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर एसओसी व्होल्टेज १.३ वर रोखणारे नवे बायोस देण्यात आले. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की, तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र जी चिप आधीच बिघडली, ती या दुरुस्तीने बरी होत नाही. यातील अनेकांनी वेगाला हातही लावलेला नव्हता. यातून धडा हा की, जादा व्होल्टेज नेहमी लगेच मारत नाही; ते वाळवीसारखे आतून पोखरते. म्हणून बायोस अद्ययावत ठेवावे आणि ओव्हरक्लॉकिंग करताना व्होल्टेज 'ऑटो' च्या भरवशावर सोडू नये. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेल वा एएमडी यांच्या वॉरंटीत बसत नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, भाग आल्यावर घाई करू नका. महिनाभर कॉम्प्युटर कंपनीच्या वेगावर चालवा. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मग एका वेळी एकच आकडा, तोही थोडासाच बदला. रॅमसाठी मेमटेस्ट८६ आणि प्रोसेसरसाठी प्राइम९५ यांसारख्या चाचण्या काही तास चालवा. तारीख, वेग, व्होल्टेज, तापमान आणि खोलीचे तापमान वहीत लिहा. एकही चूक दिसली तर मागे या. "एवढ्याने काय होते" असे म्हणू नका. ही वही म्हणजे तुमची प्रयोगशाळा आहे. पुढे तुम्ही कोणत्याही शाखेत गेलात तरी ही सवय उपयोगी पडेल.

पालकांना माझी विनंती अशी की, मुलाला किंवा मुलीला एकदम नकार देऊ नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. भागांची यादी कागदावर मागा. प्रत्येक भाग का निवडला, ते त्यांच्याच तोंडून ऐका. तुम्हाला तांत्रिक ज्ञान नसले तरी चालेल. प्रोसेसरवर भरमसाट रक्कम आणि एसएमपीएससमोर 'कोणताही' असे लिहिलेले दिसले, तर यादी परत करा. प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन ती बचत एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कूलर यांवर घालण्यास सांगा. असा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉकिंग केले नाही तरी वर्षानुवर्षे नीट चालेल. आणि चांगला एसएमपीएस व चांगले कॅबिनेट पुढच्या कॉम्प्युटरलाही उपयोगी पडेल. अशा खरेदीत पैसा वाया जात नाही, आणि हौसही भागते.