मुळांची सावली



मी शास्त्रज्ञ नव्हे, शेतकऱ्याचा बी. ए. झालेला मुलगा. आमच्या मराठवाड्यात तुरीच्या बियाण्यास गुळाच्या पाण्यातून रायझोबियम जिवाणूंचे संवर्धन चोळून ते सावलीतच सुकवीत. कारण उन्हाने जिवाणू मरतात. हेच जिवाणू मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकास पुरवितात. त्यांपैकी बहुतेकांना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. जमीन ३५ अंशांपुढे तापली की सामान्यतः गाठी कमी धरतात. आता तापमानवाढीने शेतच तापू लागले आहे. बियाणे सावलीत ठेवता येते; शेत कोठे ठेवावे? गावी ज्यांची शेती आहे, त्यांनी पालापाचोळ्याचे आच्छादन व शेणखत यांना अंतर देऊ नये. मुळांना तेवढीच सावली आपण देऊ शकतो.