पाहुण्या कोयत्यांचा शिधा
(महोत्सवी समारंभात झालेले भाषण)



संस्थेच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथास्थित केला आहे. मी आपला थोडा वेळ निराळ्याच मंडळींसाठी मागणार आहे.

दिवाळीच्या सुमारास निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवरून बोचकी, कोंबड्या आणि पोरेबाळे भरलेले ट्रॅक्टर येऊ लागतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ही माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते आपले शेजारी असतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपण खातो; पण ते स्वतः काय खातात, हे आपण कधी विचारले आहे काय?

गावी त्यांचे रेशनकार्ड असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिले. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण धान्य गावच्या दुकानात आणि माणूस इकडे फडात! मग पीठ उधारीने येते, आणि उचल फिटण्याऐवजी वाढते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या रेषेविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. आज बोलत नाही. एवढेच सांगतो, की रेशनच्या कार्डापुरती ती रेषा जानेवारी २०२० पासून राहिलेली नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या योजनेत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्ये तेव्हाच आली. बीडचे कार्ड निपाणीत चालते.

चालते, पण चालवावे लागते. मागल्या हंगामात एका जोडप्याबरोबर मी दुकानात गेलो. ‘महाराष्ट्राचे कार्ड इथे नाही,’ असे उत्तर मिळाले. कार्डाचा नंबर यंत्रात घालून पाहा, अशी मी विनंती केली. घरातली सगळी नावे निघाली. बाईचा अंगठा मात्र लागेना. कोयत्याने तिच्या बोटांच्या रेषाच झिजवल्या होत्या. शेवटी नवऱ्याचा अंगठा लागला आणि तांदूळ मिळाला. दुकानदार वाईट नव्हता. परगावच्यांना दिले तर आपल्या कार्डवाल्यांना माल पुरेल का, ही त्याची धास्ती होती.

बाहेर आल्यावर ती बाई म्हणाली, “भाऊ, समदं हितंच उचललं तर गावाकडं सासूबाईनं काय खायचं?” याच भीतीने कित्येकजण दुकानाची पायरीच चढत नाहीत. वास्तविक सगळे धान्य एकाच ठिकाणी उचलावे लागत नाही. थोडे इथे घ्यावे, उरलेले म्हातारीने गावच्या दुकानातून घ्यावे, अशी सोय योजनेतच आहे. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगावी, म्हणजे भांडणे होत नाहीत. कर्नाटक सरकार आपल्या कार्डवाल्यांना जे जादा धान्य देते, ते परराज्याच्या कार्डावर मिळत नाही. केंद्राच्या हिश्श्याचे तेवढे मिळते. तेही बहुधा तांदूळ, आणि ही मंडळी भाकरी खाणारी! पण उधारीच्या पिठापेक्षा तो बरा.

गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुले यांना अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे. त्याला रेशनकार्डही लागत नाही. कोपीपासून अंगणवाडीपर्यंत कोणीतरी बोट धरून नेले पाहिजे, इतकेच.

माझी मागणी पैशाची नाही. हंगाम सुरू होताच पहिले दोन महिने आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडावे. कार्डाचा आणि आधारचा नंबर पाहावा, घरातल्या कोणाकोणाचे आधार जोडले आहे ते तपासावे, १४४४५ हा मदतीचा दूरध्वनी लिहून द्यावा, आणि अडले तिथे दुकानापर्यंत सोबत जावे. दुकानावरची पाटी कन्नड, पावती कन्नड. बीडच्या माणसाला त्यातले अक्षर कळत नाही. तेव्हा कन्नड वाचता-बोलता येणारे निदान दोघे तरी हवेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जेवणापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे. माझे मी दिले आहे.