उतारा तालुक्यापर्यंत पोहोचला पाहिजे



पशुवैद्यकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज मी एकच विषय मांडणार आहे: कुत्र्यांना होणारा सर्पदंश.

उसाच्या फडात, भातखाचराच्या बांधावर, वाड्यावस्त्यांवर रात्री साप पहिल्यांदा कळतो तो राखणीच्या कुत्र्याला. तो हुंगायला जातो, पंजा मारतो, म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. मालक त्याला उचलून धावत आपल्याकडे आणतो, तेव्हा आपल्या हाती काय असतं? अनेक दवाखान्यांत अजूनही सलाईन, स्टेरॉईड आणि अँटिबायोटिक, एवढंच. मी स्पष्ट सांगतो, स्टेरॉईडनं विष उतरत नाही. विषावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिसर्पविष. बाकीचे उपचार त्याच्या सोबतीचे.

आपल्याकडची ही प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. तिच्या एका मिलिलिटरनं नाग व घोणस यांचं प्रत्येकी ०.६, तर मण्यार व फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. सह्याद्रीतल्या चापडा सापाच्या विषासाठी ती बनवलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

साप दिसलाच नाही, तरी लक्षणं बोलतात. घोणस चावली की सूज झपाट्यानं चढते, वेदना असह्य होतात, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जातं, पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुरशाच्या दंशातही रक्त गोठेनासं होतं. नागाच्या दंशात पापण्या जड होतात, लाळ गळते, पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यारीचा दंश फसवा असतो. सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. रात्री बरा दिसणारा कुत्रा पहाटे उठतच नाही.

रक्त गोठतं की नाही, हे पाहायला महागडी यंत्रणा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्या आणि २० मिनिटं नळी हलवू नका. नंतर ती तिरकी करून पाहा. रक्त गोठलं नसेल, तर घोणस किंवा फुरशाचा संशय धरा आणि लस सुरू करा. रक्त गोठलं म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. ही चाचणी पुन्हा पुन्हा करायची असते.

मात्रेबद्दलचा एक गैरसमज आज इथंच संपावा. पिल्लू लहान म्हणून लस कमी, हा हिशेब चुकीचा आहे. साप समोरच्याचं वजन पाहून विष सोडत नाही. उलट लहान देहात दर किलोमागे विष जास्त पडतं. वजन पाहायचं ते लस पातळ करण्याच्या सलाईनसाठी. लस शिरेतून, हळूहळू द्या. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी हवीच. नागाच्या दंशात ॲट्रोपिनच्या जोडीनं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं, मण्यारीत त्यावर भिस्त ठेवता येत नाही. श्वास मंदावला तर श्वासनळीत नळी घालून अँबू बॅगनं श्वास देत राहा, अगदी तासन् तास. रक्त गोठत नसेल तर स्नायूत इंजेक्शन टाळा, आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधं वापरू नका. मूत्रपिंडांवर आधीच घाला पडलेला असतो.

मालकांनाही आपणच सांगायला हवं. गळ्यातला पट्टा लगेच काढा, कारण मान सुजली की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून आणा. करकचून बांधणं, चिरा देणं, विष चोखणं, बर्फ लावणं, मांत्रिकाकडे नेणं यांत फक्त वेळ जातो. साप मारून आणू नका. जमलं तर लांबूनच फोटो घ्या.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत माणसांचे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट, आणि माणूस, प्राणी व पर्यावरण यांचा एकत्रित विचार हा त्याचा पाया. या विचारात पशुवैद्यकाला जागा आहे, ती आपण हक्कानं घेतली पाहिजे. ज्या गोठ्याजवळ आज कुत्र्याला दंश झाला, तिथं उद्या पोराचा पाय पडणार आहे. म्हणून प्रत्येक दंशाची जागा, वेळ आणि लक्षणं नोंदवून ती माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवू या.

माझ्या मागण्या तीन आहेत. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रतिसर्पविषाचा स्वतंत्र साठा असावा, म्हणजे माणसांच्या वाट्याच्या बाटलीवर आपली मदार राहणार नाही. आपल्या महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्यानं श्वासनळीत नळी घालण्याचा आणि रक्त गोठण्याच्या चाचणीचा सराव प्रत्यक्ष केलेला असावा. आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पशुसंवर्धन विभागानं गावोगाव मालकांचं प्रबोधन करावं. हे तिन्ही ठराव याच अधिवेशनात मंजूर करून शासनाकडे पाठवावेत, असं मी आवाहन करतो.