दोन्ही कर्ण मोजा



आज सरांना दिलेली रामलिंग मंदिराची सागवानी पाटी मी घरीच जोडलेल्या सीएनसी राउटरवर कोरली आहे. किट सुटं आलं: ॲल्युमिनियमचे बार, नटबोल्ट, तीन स्टेपर मोटारी. मोटार एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. माझा स्क्रू फेऱ्याला 4 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे पावलाला 0.02 मिलिमीटर. एवढी बारकाई, तरी पहिलं वर्तुळ लंबगोल आलं! दोन रविवार वायरी तपासण्यात आणि सेटिंग बदलण्यात गेले. किट परत पाठवायला निघालो होतो.

मग फळ्यावरचा आयत आठवला. सर म्हणायचे, "नुसत्या बाजू मोजून भागत नाही, कर्ण मोजा." मोजले, तर 3 मिलिमीटरचा फरक. बोल्ट सैल केले, चौकट गुण्यात आणली, पुन्हा आवळले. वर्तुळ गोल आलं.

सर, नववीच्या सहामाहीत मी भूमितीत नापास झालो होतो. ती उत्तरपत्रिका देताना तुम्ही काहीच बोलला नव्हता. तुमची मेहनत वाया गेली, असं तेव्हा मला वाटलं होतं. ती वाया गेली नाही, माझ्यापर्यंत उशिरा पोचली. पाटीच्या मागे मी दोन कर्ण कोरलेत. माप घेऊन बघा.