निवडीची आठवण

तेल्हाऱ्याच्या एखाद्या कास्तकारानें कापसाचे भाव पाहण्याच्या ॲपमध्यें मराठी भाषा व मोठीं अक्षरें निवडलीं, आणि दुसऱ्या दिवशीं पडदा पुन्हां इंग्रजींत उघडला, तर काय झालें असावें? कोणत्या स्थितींत पडदा कसा दिसावा, एवढेंच सांगणाऱ्या वर्णनात्मक आज्ञावलींत पडदा हें स्थितीचें प्रतिबिंब असतें. ॲप बंद होतांच स्मृतींतील स्थिति पुसली जाते. म्हणून निवड तत्काळ कायमच्या साठ्यांत लिहावी व पडदा रेखाटण्यापूर्वीं ती वाचावी. आयफोनच्या ‘स्विफ्टयूआय’मध्यें २०२० सालापासून ‘ॲपस्टोरेज’ हें काम करितें. अँड्रॉइडच्या ‘कंपोज’मधील ‘रिमेंबरसेव्हेबल’ची आठवण मात्र तात्पुरती, वापरणाऱ्यानें स्वतः ॲप बंद केलें कीं ती सरते. तेथें ‘डेटास्टोअर’सारखा कायमचा साठा हवा. ज्यास इंग्रजी येत नाहीं, त्याला हें विस्मरण म्हणजे मिटलेलें दारच होय.